घरात पहिल्यांदाच असं घडलं असेल तर

ताई, आई गेल्या आणि सगळं तुमच्यावरच आलंय. आधी घोटभर चहा घ्या.

सगळ्यात आधी कागद. घरी निधन झालं असेल तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या, नाहीतर अमरधामला, म्हणजे स्मशानभूमीत, अडतं. त्यावरचं नाव आधारकार्डाशी अक्षरन् अक्षर जुळवा. 'सुमन' की 'सुमनबाई' एवढ्यावरून पुढे बँकेत, पेन्शनच्या कामात खेटे पडतात. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. नोंदीनंतर मिळणाऱ्या मृत्यूदाखल्याच्या चार-पाच प्रती तेव्हाच काढून ठेवा.

फोन स्वतः करू नका. एखादा भाचा-पुतण्या धरा, निघायची वेळ त्यालाच सांगू द्या. नवखी माणसं इथेच दमतात, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत बसतात.

नाशिकला रामकुंडावर दहावा करणार असाल तर गुरुजी आधी ठरवा. साहित्य धरून दक्षिणा किती, ते स्पष्ट विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कावळा शिवायला वेळ लागला की लोक काहीबाही बोलतात (बोलणारे हमखास लांबचेच असतात), मनावर घेऊ नका.

वारसनोंद, आईंचं कपाट वगैरे तेराव्यानंतर. रडू येत नसेल तर तसंही होतं. झोप आणि जेवण मात्र महिनाभर सुटलेलंच राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा.