वडिलांचं प्रोस्टेट वाढलंय, ऑपरेशनला घाबरतात. वाफेची किंवा क्लिपची ट्रीटमेंट करावी का?

माझ्या अण्णांचं दोन वर्षांपूर्वी हेच झालं. आम्ही तासगावचे. तुमच्या वडिलांचं वय ७०, प्रोस्टेट ५५ ग्रॅम लिहिलंय, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी हे की, नेहमीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनलाही पोटावर चिरा नसतो, टाके नसतात. लघवीच्या वाटेनंच सगळं होतं. अण्णांना हे माहीत नव्हतं, म्हणून वर्षभर टाळत राहिले. रात्री पाचदा उठायचे. धार सुटावी म्हणून न्हाणीत नळ चालू ठेवून उभे राहायचे. त्यात थंडीत सर्दी झाली, मेडिकलमधून गोळी आणली आणि पहाटे लघवी पार तुंबली. ओटीपोट दगडासारखं कडक, अण्णांना बसवेना की झोपवेना. मिरजेला नेऊन नळी घातली तेव्हा कळलं की सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी असं होतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वडिलांना तसली गोळी देऊ नका.

वाफेच्या पद्धतीला रेझूम म्हणतात. सुईतून नऊ-नऊ सेकंद वाफ सोडतात, वाढलेला भाग मरतो आणि शरीर तो हळूहळू शोषून घेतं. त्यामुळे आराम पडायला काही आठवडे जातात, सुरुवातीचे काही दिवस नळी ठेवावी लागते. क्लिपच्या युरोलिफ्टमध्ये कापत नाहीत की जाळत नाहीत, ग्रंथी दोन्हीकडून ओढून वाट मोकळी करतात. फरक लवकर जाणवतो, पण मधला भाग मूत्राशयात घुसलेला असेल तर ही पद्धत सगळ्यांना चालत नाही. दोन्हींत काही वर्षांनी पुन्हा काहीतरी करावं लागण्याची शक्यता दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा जास्त.

मग फायदा काय? टीयूआरपी (म्हणजे नेहमीचं दुर्बिणीचं ऑपरेशन) किंवा लेझरनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं, या दोन्हींत तसं सहसा होत नाही. वडील हे स्वतःहून विचारणार नाहीत, तुम्हीच डॉक्टरांना विचारा.

अण्णांचं ९० ग्रॅम होतं, म्हणून लेझर केलं. तुमचं ५५ आहे, या पद्धती बसू शकतात. पण नुसत्या ग्रॅमवर ठरवू नका. सोनोग्राफीच्या कागदावर लघवी करून आल्यावर आत किती मिली उरली ते लिहिलेलं असतं, ते बघा. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि लघवीच्या धारेची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. आत खूप लघवी उरत असेल तर द्राक्षांचा हंगाम संपू दे, मग बघू, असं करू नका. आम्ही तेच केलं होतं.