पोअर कार्डावरची सही

प्रिय नव्या साइट इंजिनिअरला,

तुझ्या ऑफर लेटरमध्ये हुद्दा ‘ज्युनिअर इंजिनिअर’ एवढाच आहे, काम कोणते ते लिहिलेले नाही. रुजू होण्याआधी ते विचारून घे : एक्झिक्युशन (प्रत्यक्ष साइटवरचे काम), की प्लॅनिंग-डॉक्युमेंटेशन? मुलीला उन्हात कशाला उभे करायचे, अशा मायेपोटी बहुतेक ठिकाणी तिला दुसऱ्या टेबलावर बसवतात. ते काम हलके नाही. पण पुढे प्रोजेक्ट मॅनेजर नेमायची वेळ आली की स्लॅब कोणी भरले, ठेकेदाराची आरए (झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याने येणारी) बिले कोणी तपासली, माणसे कोणी सांभाळली, हेच पाहतात. म्हणून पहिली दोन वर्षे एक्झिक्युशन माग, आणि ई-मेलवर माग. अख्खी इमारत नको, एक विंग पुरे. पण तिचे बीबीएस (सळयांच्या मापांचा तक्ता) तपासण्यापासून बिलापर्यंत सगळे तुझ्याकडे हवे.

सुरुवातीला साइटवर तुझ्या हातात खरा अधिकार एकच असतो : पोअर कार्डावर, म्हणजे काँक्रीट भरायच्या परवानगीच्या कागदावर, सही न करणे. तो वापरायचा तर कुठे अडवायचे ते तोंडपाठ पाहिजे.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी टेप घेऊन वर जा. कव्हर ब्लॉक (सळई आणि साच्यात अंतर राखणारे ठोकळे) स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४० आणि फुटिंगला ५०, हे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडाचे आकडे. ड्रॉइंगमध्ये जास्त दिले असेल तर ड्रॉइंगचे धर. सगळ्यात जास्त वेळ बाल्कनी आणि छज्जाला दे. तिथे मुख्य सळई वरच्या अंगाला असते. चेअर (वरची सळई उचलून धरणारे टेकू) कमी पडल्या, की पंपाचा पाइप ओढणाऱ्यांच्या पायाखाली ती सळई दबून खाली जाते. स्लॅब वरून गुळगुळीत दिसतो, साच्याच्या प्लेटा काढल्यावर भिंतीलगत वरच्या बाजूने चीर पडते, आणि तेव्हा दुरुस्तीला फारसे काही हातात उरत नाही. चेअर हाताने दाबून बघ, हलल्या तर आणखी लावून घे, चालायला फळ्या टाकून घे. टेप लावलेला फोटो काढ. नुसत्या सळयांच्या फोटोने काही सिद्ध होत नाही.

तयार काँक्रीटची गाडी आली की आधी चलन. ग्रेड, बॅचिंगची वेळ, सिमेंटचा प्रकार बघ. नेहमीचे काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत उतरायला हवे. रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट करणारे रसायन) असेल तर प्लँटने ती मुदत लिहून द्यावी. मग स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ ते बघायची चाचणी. खरी झटापट इथे होते, कारण घट्ट माल पंपाला जड जातो आणि मुकादम ड्रममध्ये पाण्याचा पाइप लावतो. त्याला हिशेबच दाखव. एम-३० ग्रेडमध्ये घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि सिमेंटच्या वजनाशी पाण्याचे प्रमाण ०.४५ धरले, तर पाणी होते सुमारे १५७ लिटर. सहा घनमीटरच्या गाडीत १०० लिटर सोडले की घनमीटरला जवळजवळ १७ लिटर वाढले आणि प्रमाण ०.५० वर गेले. ताकद तर घटतेच, शिवाय वाळल्यावर भेगा वाढतात. स्लम्प कमीच असेल तर प्लँटच्या तंत्रज्ञाकडून प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारे रसायन) घालून घे, ड्रम फिरव, पुन्हा स्लम्प काढ, आणि चलनावर नोंद कर. कामगारावर ओरडू नकोस, तो सांगितलेले करतो. बोलायचे फोरमनशी, शांतपणे, आकडा धरून. ‘सरांनी सांगितलंय’ हे वाक्य जिभेवर येऊ देऊ नकोस; ते एकदा म्हटलेस की पुढच्या वेळी सगळे सरांकडेच जातात.

वरिष्ठ म्हणाले, ‘चालतंय, भर’, तर वाद घालत बसू नकोस. साइट ऑर्डर बुकात वेळ घालून लिही : अमुक भागात कव्हर १० मिमी मिळाले, अमुक यांच्या सूचनेवरून काम पुढे नेले. खाली त्यांची सही माग. बहुतेक वेळा पेन हातात घेतल्यावर कव्हर ब्लॉक सापडतात.

ताकद तपासायचे काँक्रीटचे क्यूब स्वतःच्या देखरेखीखाली भरून घे. चाळीस घनमीटरच्या स्लॅबला चार सॅम्पल, म्हणजे २८ दिवसांनी तपासायचे बारा क्यूब. सात दिवसांचे हवे असतील तर ते वेगळे. सॅम्पल वेगवेगळ्या गाड्यांतून घे. चारही पहिल्याच गाडीतून काढायची सवय सगळीकडे आहे, कारण पहिली गाडी चांगली येते.

आता हरित बांधकामाबद्दल. तुझ्या प्रकल्पाला ग्रीहा किंवा आयजीबीसीचे मानांकन हवे आहे, म्हणजे बहुधा फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅगचे सिमेंट असणार : पहिली कोळशाच्या वीजकेंद्राची राख, दुसरी लोखंडाच्या भट्टीची मळी. पीपीसी या राखेच्या सिमेंटमध्ये फ्लाय अ‍ॅश १५ ते ३५ टक्के, स्लॅग सिमेंटमध्ये स्लॅग २५ ते ७० टक्के असते. तेवढे क्लिंकर (चुनखडी भाजून होणारा सिमेंटचा मूळ घटक) कमी, आणि चुनखडी भाजताना सुटणारा कार्बन डायऑक्साइडही कमी. पण हे सिमेंट ताकद सावकाश धरते. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेके १४ दिवस आणि सहा मीटरपुढच्या बीमचे २१ दिवस, हे कोडातले आकडे साध्या, काही न मिसळलेल्या ओपीसी सिमेंटसाठी आहेत. मिश्र सिमेंटला त्याहून जास्त लागू शकतात, ते डिझायनरकडून आधीच लिहून घे. क्युरिंग किमान १० दिवस, शक्यतो १४. ठेकेदाराला मात्र प्लेटा पुढच्या मजल्यावर हव्या असतात आणि वेळापत्रक जुन्याच सवयीने आखलेले असते. हरित सिमेंटची बदनामी होते ती बहुधा अशा घाईने. एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकचेही तसेच. विटांसारखे भिजत घालून लावले, की वाळताना आकसतात आणि प्लास्टर तडकते. पृष्ठभाग ओलसर करणे पुरेसे, आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी हवीच.

साइटवर बायका असतातच. पण त्या घमेले उचलतात, थापी क्वचितच त्यांच्या हाती येते. झारखंडमध्ये स्वच्छ भारत योजनेतली शौचालये बांधताना ‘रानी मिस्त्री’, म्हणजे गवंडी बायका, तयार झाल्या, तेव्हा अडचण कौशल्याची नव्हती हे उघड झाले. आपल्याकडचे उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर-उस्मानाबादची माळवदी घरे कोसळली. जाड दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे पदर मातीने नुसते टेकलेले, दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड नाही, आणि वर मातीच्या छताचे ओझे. पुढे तग धरलेल्या घरांच्या मजबुतीकरणात भिंतीला आरपार भोक पाडून सळईसह काँक्रीट भरायचे होते. प्लास्टर झाले की ते भोक भरले की नाही, कोणाला दिसते? त्या कार्यक्रमात गावोगावी महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले होते. घराशी सगळ्यात जास्त संबंध ज्यांचा, त्यांनाच काम समजावून दिले तर देखरेख किती स्वस्त पडते, हे कळायला कुठलेही धोरण वाचावे लागत नाही. तुझ्या विंगमध्ये दोघींना तरी ब्लॉकचे काम शिकवायची अट ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्ये घालून बघ. शिकल्या की मजुरी गवंड्याच्या दराने मिळाली पाहिजे, हेही त्याच ओळीत.

महिला दिनाला साइटवर गुलाब वाटतात आणि संडासाला आतून कडी नसते. ही गोष्ट मनधरणीने सुटत नाही, ती बीओक्यूत, म्हणजे ठेक्याच्या कामांच्या यादीत, आयटम म्हणून घालावी लागते. काम चौदाव्या मजल्यावर आणि संडास तळमजल्यावर असला की बायका पाणीच पीत नाहीत. एप्रिल-मेमध्ये मग चक्कर आणि मूत्रमार्गाचा संसर्ग. आयटममध्ये लिही : कितव्या मजल्यांवर, कडी, दिवा, पाणी, झाकणाचा डबा, आणि रोज साफ करणाऱ्या माणसाचा पगार. शेवटचे राहिले की बाकी सगळे आठवड्यात निकामी होते.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि तिची माहिती फलकावर हवी. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण दिल्यास आणखी तीन. दहाहून कमी माणसे असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. कंपनीची ने-आण करणारी गाडीही कामाची जागाच धरली जाते. हे तू सुपरवायझरना सांग, आणि ठेकेदाराकडच्या बायकांनाही सांग. त्यांना कोणी सांगत नाही.

आणखी एक, कामाचे श्रेय. २०२५ मध्ये चिनाबचा रेल्वे पूल सुरू झाला, नदीपासून ३५९ मीटर उंच, तेव्हा आयआयएस्सी या विज्ञान संस्थेच्या प्रा. माधवी लता यांच्यावर कौतुकाचा पाऊस पडला. सतरा वर्षे त्या कामाला दिल्यानंतरही त्यांनी जाहीरपणे सांगितले, की आपला वाटा डोंगरउताराच्या स्थिरतेचा आणि उतारावरच्या पायाच्या रचनेचा होता, पूल हजारो लोकांचा आहे. तू बायोडेटा असाच लिही : कोणती विंग, किती घनमीटर, कोणती ग्रेड, कशावर तुझी सही. ‘टीमचा भाग होते’ याने काही कळत नाही, आणि ‘पूल बांधला’ याने हसे होते.

हेल्मेट, बूट आणि हार्नेसची मागणी आजच मापासह पाठव. चार नंबरचे सेफ्टी बूट स्टोअरमध्ये सहसा नसतात, आणि मोठे बूट घालून शिडी चढणे धोक्याचे. हार्नेसचा छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर बसला पाहिजे, मागची कडी दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मांडीच्या पट्ट्यात पंजा सपाट सरकावा पण मूठ जाऊ नये. पुरुषांच्या मापाचा ढगळ हार्नेस दिला तर उंचीवर चढू नकोस आणि परत केल्याची पावती ठेव.

कळावे.