पूरमदतीला फोन वापरायचाय? आधी एवढं जमवा

भाऊ, पूरमदतीला ड्रोन घ्यायचा का म्हणून विचारलंत, पण ते सध्या डोक्यातून काढा. सुरुवातीला खिशातला फोन पुरतो.

पावसाळ्याआधी तालुक्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. पुरात टॉवर बंद पडतात, पण जीपीएसला नेट लागत नाही. 2021च्या ऑगस्टअखेरीस तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं, तशा वेळी बाहेरून आलेल्या बोटवाल्याला ‘मारुती मंदिरामागे’ काय कळणार? मारुती तर गावोगावी. म्हणून जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे पाठवा, 20.4600, 74.9900 असे. दशांशचिन्हानंतर चार आकडे दिले की चूक साधारण 11 मीटरच्या आत राहते.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:

- अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. आपल्या खानदेशात पहिला आकडा 20 किंवा 21ने सुरू होतो, दुसरा 73 ते 76ने. उलटं दिसलं तर थांबा.
- पत्र्याखालून लोकेशन घेणं. उघड्यावर या, मिनिटभर थांबा, मग घ्या.
- नुसता फोटो टाकणं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोतली जागेची नोंद निघून जाते. आकडे, वेळ, माणसं किती, आजारी कोण, हे लिहूनच पाठवा. नेट रडत असेल तर सरळ एसएमएस.

आणि दहा हजार एमएएचची (बॅटरीची क्षमता) पॉवर बँक पाच हजार एमएएचचा फोन दोनदा भरत नाही, जेमतेम सव्वा वेळा. स्क्रीनचा उजेड कमी ठेवा.