केआय-६७ २२ टक्के आला, म्हणजे आजार परत येणारच का?

तुम्ही लिहिलंय : आई ५८ वर्षांची, स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालंय. रिपोर्टमध्ये ईआर (इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा पेशीतला ग्राहक) ८/८, पीआर (प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक) निगेटिव्ह, हर-टू (पेशी वाढवणारं एक प्रथिन) १+, केआय-६७ २२ टक्के. लेट्रोझोलची गोळी सुरू आहे आणि त्या २२ ने घरात कुणाला झोप नाही.

मी डॉक्टर नाही. परळच्या एका लॅबमध्ये २६ वर्षं याच स्लाइडी रंगवल्या, एवढाच अधिकार. केआय-६७ म्हणजे काय, तर निळ्या पेशींच्या गर्दीत ज्या वाढीच्या तयारीत आहेत त्यांची केंद्रकं तपकिरी उठतात. शंभरात किती, ते मोजायचं. काठाचा दाट भाग धरला की आकडा चढतो, मधला विरळ धरला की उतरतो. आमच्या दोन मॅडम एकाच स्लाइडवरून हुज्जत घालायच्या, चहा गार व्हायचा. म्हणून ५ किंवा त्याखाली आणि ३० किंवा त्यावर असेल तरच जाणकार या आकड्यावर भिस्त ठेवतात. २२ मधल्यामधे लटकतो.

आधी वाचायची ती ईआरची ओळ. ८/८ म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त पेशींना रंग, आणि तो गडद. लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन बनणंच जवळपास बंद करतं, त्यामुळे अशा गाठीवर ते लागू पडायची शक्यता चांगली. हर-टू १+ निगेटिव्हच धरतात.

पीआरचं मात्र विचारा. पाळी गेल्यावरसुद्धा ईआर काम करत असेल तर पेशी सहसा पीआर बनवते. बटण चालू आहे हे दिवा पेटल्यावर कळतं, तसं. दिवा, म्हणजे पीआर, नसेल तर भाकीत सरासरीने थोडं उणं, पण गोळीचा फायदा जात नाही. आणि तो निगेटिव्ह खरा आहे का? एका नर्सिंग होममधून शनिवारी काढलेली गाठ सोमवारी आमच्याकडे आली होती, फॉर्मलिनऐवजी (गाठ टिकवायचं द्रावण) सलाईनमध्ये. अशा गाठीत पीआर पुसला जातो. डॉक्टरांना विचारा, शेजारच्या निरोगी दूधनलिकांना पीआरचा रंग आलाय का? आला असेल तर निगेटिव्ह खरा.

गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती बिघडल्यात) आणि आजार काखेतल्या गाठींत पोचलाय का, हे तुम्ही लिहिलंच नाही. भाकीत त्यांच्यावर जास्त बसतं. शंका राहिली तर पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या, दुसरीकडे दाखवा. सांधे दुखले म्हणून आईने परस्पर गोळी बंद केली, तर ते मात्र महागात पडेल. हा आजार पाच-दहा वर्षांनीही डोकं वर काढतो. आणि ब्लॉक नेताना मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते.