कौटुंबिक चित्रपट लहान मुलांना दाखवण्याजोगा आहे का, हे तिकीट काढण्याआधी कसे ठरवावे?

आपला प्रश्न असा आहे की, दिवाळीच्या सुट्टीत सगळे नातेवाईक मिळून एका ‘संपूर्ण कुटुंबाने पाहावा अशा’ चित्रपटाला निघाले आहेत, त्याला यूए १३+ असे प्रमाणपत्र आहे, आणि आपली मुले सहा व अकरा वर्षांची आहेत. तर प्रमाणपत्रावर विसंबून निर्णय घ्यावा की आणखी काही पाहावे? माझे मत असे आहे की प्रमाणपत्र अवश्य पाहावे, परंतु पडद्यावर काय दिसते एवढेच त्यावरून कळते. आपल्या मुलाला त्यातले काय लागेल हे ओळखायचे असेल तर चित्रपटाची गोष्ट माहीत करून घ्यावी लागते.

मी नागपुरात प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि मुलांना सकाळच्या खास खेळाला बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, चित्रपटगृहात घेऊन जायचे असले की चित्रपट निवडण्याचे काम बहुधा माझ्याकडे येत असे. आता नातवंडांसाठी तेच काम करते. नागपूरकरांना हा प्रश्न मे महिन्यात जास्त पडतो, कारण पारा ४५ अंशांच्या आसपास असताना शाळा बंद असलेल्या मुलांना दुपारी तीन तास थंडाव्यात बसवण्याची हमखास जागा म्हणजे मल्टिप्लेक्स, आणि अशा वेळी कोणता चित्रपट लागला आहे यापेक्षा वातानुकूलन चालू आहे ना हेच अधिक पाहिले जाते.

आधी प्रमाणपत्राविषयी. १९५२ च्या चलच्चित्र कायद्याखाली केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते, प्रमाणपत्र देते. यू म्हणजे सर्वांसाठी आणि ए म्हणजे केवळ प्रौढांसाठी. या दोहोंच्या मधली यूए ही श्रेणी १९८३ मध्ये आली आणि बारा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांनी विचार करावा, एवढेच ती सांगत असे. सहा वर्षांचे मूल आणि अकरा वर्षांचे मूल तिच्या लेखी सारखेच होते. २०२३ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नवे नियम यांमुळे तिचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग झाले. ही सुधारणा खरोखर उपयोगाची आहे, मात्र तिच्यापूर्वी प्रमाणित झालेल्या चित्रपटांवर नुसते यूए असते आणि तेथे वयाचा काहीच बोध होत नाही.

येथे दोन गोष्टींचा नेहमी घोटाळा होतो. यूए पुढचा आकडा हा पालकांना दिलेला सल्ला आहे. यूए १६+ च्या खेळाला आपण सहा वर्षांच्या मुलाला नेले तरी दारावरचा कर्मचारी अडवणार नाही, कारण कायद्याने तो निर्णय आपल्यावर सोपवला आहे. ए प्रमाणपत्राच्या चित्रपटाला मात्र अठरा वर्षांखालील कुणालाही, आईवडील सोबत असले तरीही, प्रवेश नाही, आणि तेथे कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणाऱ्या पालकांविषयी मला मुळीच सहानुभूती वाटत नाही. दुसरे असे की ओटीटीवर दिसणारा आकडा मंडळाने दिलेला नसतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ते वर्गीकरण तो मंच स्वतःच करतो, त्यामुळे एकाच चित्रपटाची खूण चित्रपटगृहात एक आणि घरच्या टीव्हीवर दुसरी दिसू शकते. त्याच नियमांनी यू/ए १३+ आणि त्यावरील सामग्रीसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे या मंचांना बंधनकारक केले आहे. ती सोय सेटिंगमध्ये असते, परंतु बहुतेक घरांत कुणी ती उघडूनही पाहिलेली नसते.

आकडा कसा ठरतो हेही समजून घ्यावे. मंडळाची परीक्षण समिती हिंसा, अश्लीलता, भाषा, अमली पदार्थ अशा दृष्टीने चित्रपट पाहते आणि काही भाग वगळण्यास सुचवते. निर्मात्याला प्रेक्षकवर्ग मोठा हवा असल्याने तो अनेकदा काटछाट मान्य करून खालची श्रेणी पदरात पाडून घेतो. यात गैर काही नाही. परंतु काटछाटीने मारहाणीचे दृश्य काही सेकंदांनी आखूड होते आणि एखाद्या शिवीच्या जागी शांतता येते, गोष्ट मात्र तीच राहते. बापाला मुलासमोर फरफटत नेले जाते हा प्रसंग दोन ठोसे कमी केल्याने सहा वर्षांच्या मुलासाठी सौम्य होत नाही.

मुले नेमकी कशाला घाबरतात, याविषयी मोठ्यांचे अंदाज बरेचदा फसतात. आम्ही एकदा दुसरीच्या वर्गाला घेऊन गेलो होतो. चित्रपटात खलनायक होता, पाठलाग होता, एक गाडी दरीत कोसळत होती. त्या सगळ्याला मुलांनी शिट्ट्या आणि टाळ्या दिल्या. नंतर एक अगदी साधे दृश्य आले. आई मुलाला आजीकडे ठेवून एसटीत बसते, खिडकीतून हात हलवते आणि गाडी निघून जाते. पार्श्वसंगीत नाही, कुणी रडत नाही. माझ्या रांगेतल्या मुलांचे कुरमुरे खाणे थांबले आणि शेजारच्या मुलीने माझी बाही धरून विचारले, “बाई, ती परत कधी येते?” मध्यंतरापर्यंत तिने हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आणि पडद्यावर पुढे काय चालले आहे याकडे तिचे लक्ष उरले नाही. कोणतेही प्रमाणन मंडळ त्या दृश्याला कात्री लावणार नाही आणि लावूही नये. ते दृश्य उत्तम होते, फक्त ते त्या वयाच्या मुलांना एकटे पाडणारे होते.

मुले आणि पडद्यावरची भीती हा जोआन कँटर या अमेरिकी संशोधक बाईंच्या अभ्यासाचा विषय आहे. त्यांच्या मांडणीनुसार शाळेत जाण्याआधीच्या वयातील मुले मुख्यतः रूपाला घाबरतात: विद्रूप चेहरा, माणसाचे अचानक राक्षसात होणारे रूपांतर, किंकाळी. तो राक्षस स्वभावाने भला आहे, हे सांगून त्यांची भीती जात नाही. साधारण आठ वर्षांनंतर मुलांना प्रत्यक्षात घडू शकणाऱ्या गोष्टींची धास्ती वाटू लागते: चोर, अपहरण, आजार, आईवडिलांचा मृत्यू. म्हणून आपल्या दोन मुलांसाठी एकच निकष चालणार नाही. “अगं, ते खोटं आहे, मेकअप आहे” हे वाक्य अकरा वर्षांच्या मुलाला उपयोगी पडते; सहा वर्षांच्या मुलाला मात्र समजावण्यापेक्षा जवळ घेणे, पाणी देणे किंवा सरळ बाहेर नेणे अधिक कामी येते. डोळे झाकायला सांगून फारसे साधत नाही, कारण चित्रपटगृहात अर्धी भीती आवाजाची असते.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते तिच्याकडे येते. जाहिरातीतला ‘कौटुंबिक’पणा हे मुळात मोठ्यांना दिलेले आश्वासन असते: सासूसासरे, सून आणि नातवंडे एका रांगेत बसली तरी कुणाला मान खाली घालावी लागणार नाही. त्यामुळे चुंबन नाही, शिवी नाही, कपडे अंगभर आहेत, एवढ्यावर आपण समाधान मानतो. मात्र याच चित्रपटांत नवऱ्याने बायकोच्या कानाखाली वाजवली की प्रेक्षागृह हसते, काळ्या मुलीचे लग्न जमत नाही हा विनोदाचा विषय होतो, तोतरे बोलणारा नोकर दर पाच मिनिटांनी कुणाच्या तरी हातचा मार खातो, आणि नायिकेने नकार दिल्यावरही तिच्या मागे मागे फिरणे याला प्रेम म्हटले जाते. यातले काहीही मुलांना घाबरवत नाही. म्हणूनच ते थेट आत जाते. असा एक चित्रपट लागलेला असताना चौथीतल्या एका अंगाने भरलेल्या मुलाला त्यातल्या विनोदी पात्राचे नाव पडले, आणि चित्रपट उतरल्यानंतरही पुष्कळ दिवस मैदानात त्याला त्याच नावाने हाक मारली जात होती. त्याची आई मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, “बाई, मीच नेलं होतं हो त्याला तो सिनेमा पाहायला, चांगला आहे म्हणून.” चित्रपट यू होता.

उलट, दुःखद चित्रपट मुलांना दाखवूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. २००४ च्या ‘श्वास’मध्ये हिंसा नाही, अपशब्द नाहीत, तरीही डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावणार असलेल्या मुलाची ती गोष्ट सहा वर्षांच्या मुलाला दाखवण्याची घाई मी करणार नाही. अकराव्या वर्षी मात्र आजोबांसोबत बसून पाहावा असा तो चित्रपट आहे. मी प्रत्येक वेळी एवढेच पाहते की संकट मुलाच्या स्वतःच्या घराच्या किती जवळचे आहे, त्यातून सावरायला गोष्ट किती वेळ देते, आणि हसू कोणावर येते आहे.

हे आधी कळावे कसे? सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे घरातल्या एका मोठ्या माणसाने आधी पाहून येणे, आणि ते परवडत नसेल तर पाहून आलेल्या ओळखीच्या माणसाला विचारणे. मात्र “चांगला आहे का?” असे विचारू नये. “आई किंवा वडील मरतात का? लहान मुलाला कुणी पळवते का? कुत्रा मरतो का? मार किती वेळ चालतो?” असे विचारले की उपयोगाची उत्तरे मिळतात. मोठे हिंदी चित्रपट बहुधा ब्रिटनमध्येही प्रदर्शित होतात आणि तेथील प्रमाणन संस्था, बीबीएफसी, आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक चित्रपटातील हिंसा, भीती, भाषा यांविषयी छोटी टिपणे देते. त्यांची यू श्रेणी साधारण चार वर्षांपासूनच्या मुलांसाठी असते आणि पीजी म्हणजे आठेक वर्षांचे मूल त्याने अस्वस्थ होऊ नये अशी अपेक्षा. आपल्याकडच्या चित्रपटाविषयीची नेमकी माहिती परक्या देशाच्या संस्थेकडून घ्यावी लागते, हे जरा गमतीचे आहे खरे, पण माहिती चांगली असते. चित्रपटांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळावरही पालकांसाठी स्वतंत्र विभाग असतो. तो प्रेक्षकांनीच भरलेला असल्याने कधी तपशीलवार, कधी निरुपयोगी असतो. मराठी चित्रपटांविषयी या दोन्ही ठिकाणी फारसे हाती लागत नाही, तेथे ओळखीचे प्रेक्षकच बरे. ट्रेलरवर विसंबू नये. तो तिकिटे विकण्यासाठी असतो आणि विनोदी प्रसंग पुढे करतो.

एक गोष्ट चित्रपटाबाहेरची, पण सांगायला हवी. ज्या चित्रपटात तंबाखूचा वापर दिसतो, त्याच्या सुरुवातीला आणि मध्ये किमान ३० सेकंदांच्या तंबाखूविरोधी चित्रफिती दाखवणे २ ऑक्टोबर २०१२ पासून बंधनकारक आहे. त्यांचा हेतू योग्य आहे, परंतु मुखकर्करोगाच्या रुग्णांची ती दृश्ये पाहून रात्री न झोपलेली लहान मुले मला माहीत आहेत, आणि त्यांच्या पालकांना वाटत होते की मूल चित्रपटाला घाबरले. लहान मूल सोबत असेल तर मी अंधार झाल्यावर जरा उशिरा आत जाते आणि मध्यंतरानंतरही दोन मिनिटे बाहेर थांबते.

आपण सांगितलेल्या परिस्थितीत मी सहा वर्षांच्या मुलाला त्या खेळाला नेणार नाही. १३+ च्या खुणेपासून सहा वर्षांचे मूल फारच दूर आहे, आणि नातेवाइकांचा मोठा घोळका असला की मूल अस्वस्थ झाल्यावर उठून बाहेर जाणे आपल्यालाच अवघड वाटते. त्याला त्या दुपारी आजीआजोबांकडे ठेवावे किंवा, नागपुरात असाल तर, रमण विज्ञान केंद्रात न्यावे. सुट्टीच्या दिवशी तिकिटासाठी रांग असते, एवढे लक्षात ठेवावे. अकरा वर्षांच्या मुलाला मात्र वर सांगितलेले प्रश्न कुणाला तरी विचारून, उत्तरे समाधानकारक असतील तर, अवश्य न्यावे. त्याची खुर्ची आपल्याशेजारी आणि रांगेच्या कडेला घ्यावी, आणि नको वाटले तर कानात सांग, आपण दोघे बाहेर पॉपकॉर्न खाऊ, असे घरीच सांगून ठेवावे. धाकट्याने मात्र “दादाला नेलं, मला काऊन नाही?” असा धोशा लावला, तर दुसऱ्या एखाद्या दिवशी यू किंवा यूए ७+ चा चित्रपट त्याच्यासाठी वेगळा ठरवून टाकावा आणि त्या वेळी दादाला त्याच्यासोबत न्यावे.