ॲम्बॅसेडरच्या चाकाची सैल रिंग

प्रश्न : माझ्या जुन्या ॲम्बॅसेडरच्या चारही चाकांना, टायरच्या आतल्या कडेने बसणाऱ्या चकचकीत स्टीलच्या रिंगा आहेत. एक रिंग धोंड्याला घासून चेपली. दुसरी पंक्चरवाल्याने स्क्रूड्रायव्हरने उचकटली तेव्हापासून सैल आहे, चार दिवसांत जागेवरून फिरलेली दिसते. दुरुस्त कराव्यात की नव्या घ्याव्यात?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आधी सैल रिंगेचं बघा, चेपलेली थांबू शकते. ब्रेक मारला की चाक थांबतं आणि सैल रिंग तेवढी पुढे सरकते. असं सरकत सरकत तिच्यात व्हॉल्व्हसाठी ठेवलेल्या खाचेची धार व्हॉल्व्हच्या रबरी बुडाला घासते आणि एक दिवस भर रस्त्यात हवा जाते. म्हणून दुरुस्त होईपर्यंत रिंग काढून ठेवा. चाक बोडकं दिसेल, दिसू द्या.

दोष बहुधा मागच्या क्लिपांचा असतो. स्प्रिंग स्टीलच्या या क्लिपांचे दात रिमला धरून ठेवतात. एकाच जागी उचकटलं की तिथल्या दोन-तीन दबतात. प्लायरने प्रत्येक क्लिप १ ते २ मिमी बाहेर वाकवा, पण सगळ्या सारख्या. नाहीतर रिंग एका अंगाने उचलून बसते. तुटलेल्या क्लिपच्या जागी साध्या पत्र्याची पट्टी नको, ती वाकली की परत उसळत नाही. बॅलन्सिंगची, म्हणजे चाक थरथरू नये म्हणून लावलेली शिसाची वजनं रिमच्या बाहेरच्या कडेला ठोकली असतील तर रिंग बसणारच नाही. ती आतल्या बाजूला लावून घ्या.

आता चेपलेली. धातू ओळखताना नुसत्या लोहचुंबकावर विसंबू नका, काही स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. रिंग उलटी करा. मागे तांबूस गंज दिसला तर ते क्रोम चढवलेलं साधं स्टील. ते ठोकून सरळ होतं, पण क्रोमला तडे जातात आणि पुन्हा निकेल-क्रोमचा मुलामा द्यावाच लागतो. तेव्हा चारही रिंगा एकदम द्या, म्हणजे चमक सारखी येते.

स्टेनलेस असेल तर काम सोपं. रिंग वाळूच्या पिशवीवर पालथी ठेवा, मागून बाभळीचा टोक गोल केलेला ठोकळा धरा आणि हलक्या हातोडीने पोच्याच्या कडेकडून मध्याकडे या. ऐरणीवर ठेवून लोखंडी हातोडा मारला की पत्रा ताणला जातो आणि पोच्याच्या जागी फुगवटा येतो. गॅसची ज्योत तर अजिबात नको, रंग निळा पडतो. मग ४००, ६००, १००० नंबरचा वॉटर पेपर, दरवेळी आधीच्या रेघांना आडवा, आणि शेवटी बफिंग, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमकवणं.

सरळ केलेली रिंग शहाबादी फरशीवर ठेवून बघा. डगडगली, किंवा घडीच्या जागी पत्रा चिरला असेल, तर नवी घ्या. ५.९०-१५ टायरमधला १५ हा आकडा टायर बसतो त्या जागेचा इंचांतला व्यास. रिंग त्याहून मोठी असते. म्हणून रिमच मोजा, जुनी रिंग सोबत न्या. पद्मिनी गाडीची १४ इंची चालणार नाही.

बसवण्याआधी रिममागे वाळलेली काळी माती खरवडून काढा. तिच्यावर दात धरत नाहीत. खाच व्हॉल्व्हवर आणा, मग समोरासमोरच्या बाजू तळहाताने दाबा, वर रबरी हातोडी. रिंग आणि रिमवर मिळून खडूची एक रेघ ओढा आणि ५० किलोमीटरनंतर बघा. रेघ तुटली असेल तर क्लिपा अजून सैलच आहेत.