वाचकांचे प्रश्न : अंगणातले पक्षी आणि छायाचित्रातील प्रकाश

प्रश्न : नौपाड्यातील आमच्या बैठ्या घरामागे शेवग्याचे झाड आहे. त्याच्या शेंड्यावर बसणारे शिंजीर आणि बुलबुल माझ्या छायाचित्रांत निव्वळ काळे ठिपके होऊन येतात. याउलट सकाळच्या उन्हात कुंपणावर बसणाऱ्या दयाळाच्या पंखांवरील पांढरा पट्टा इतका फटफटीत होतो की पिसे वेगळी दिसत नाहीत; त्याच्या मागे शेजारच्या इमारतीची दाट सावली असते. कॅमेरा मिररलेस असून ७०-३०० मिमीची लेन्स आहे आणि मी अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड (लेन्सचे छिद्र किती उघडायचे ते मी ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) वापरतो. नवा कॅमेरा घ्यावा का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नवा कॅमेरा मुळीच घेऊ नका, कारण हे दोन्ही दोष एकाच कारणातून उद्भवतात आणि ते कारण कोणत्याही कॅमेऱ्यात तसेच राहील. कॅमेऱ्याचे मीटर पक्ष्यावर किती प्रकाश पडतो हे मोजत नाही, तर समोरच्या दृश्यातून परावर्तित होऊन लेन्समध्ये किती प्रकाश येतो हे मोजते आणि ढोबळमानाने ते सारे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरते. शेंड्यामागे पांढरट आकाश पसरले असेल, तर मीटर त्या आकाशाला करडे करू पाहते आणि त्यात बिचारा शिंजीर काळवंडतो. कुंपणामागे काळोखी सावली असेल, तर मीटर सावलीला उजळ करू पाहते आणि उन्हातला दयाळ जळतो, म्हणजे पांढराफटक होतो. मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्ह मीटरिंग, म्हणजे चौकटीतील सर्व भागांचा प्रकाश मोजून मेळ घालण्याची पद्धत, यातून काहीसा मार्ग काढते, पण चौकटीत पक्षी लहान असला की पार्श्वभूमीच वरचढ ठरते.

पहिला उपाय एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे मीटरने ठरवलेला प्रकाश आपण मुद्दाम वाढवण्याचा किंवा घटवण्याचा. ढगाळ पांढऱ्या आकाशासमोरच्या पक्ष्यासाठी अधिक दीड ते अधिक दोन स्टॉप द्या. आकाश पूर्ण पांढरे झाले तरी होऊ द्या, कारण आपल्याला पक्षी हवा आहे, आकाश नको. गडद सावलीसमोरच्या दयाळासाठी उणे एक स्टॉपपासून सुरुवात करा. एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे आणि एक स्टॉप घटवणे म्हणजे तो निम्मा करणे, हे लक्षात ठेवले की आकडे परके वाटत नाहीत.

तुमच्या अंगणासाठी मात्र मला दुसरा उपाय अधिक योग्य वाटतो, आणि तो म्हणजे मॅन्युअल मोड, ज्यात सारे आकडे आपणच ठरवतो. बुलबुल शेंड्यावरून उडून कुंपणावर आला तरी त्याच्यावर पडणारे ऊन तेच असते, बदलते ती केवळ पार्श्वभूमी. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीमध्ये मात्र त्याच पक्ष्याचे एक्स्पोजर दर खेपेस बदलत राहते. ऊन चांगले वर आल्यानंतर, आकाश स्वच्छ असताना, एफ ५.६ (लेन्सच्या छिद्राचे माप), शटर १/१६०० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) २०० ते ४०० येथून आरंभ करा. दयाळाचा नर हा या कामी उत्तम परीक्षक आहे, कारण काळा आणि पांढरा रंग त्याच्या एकाच अंगावर आहे. पांढऱ्या पट्ट्यावर हायलाइटचा इशारा (अति उजळ भाग दाखवणारी कॅमेऱ्याची सूचना) लुकलुकणार नाही, इतपतच प्रकाश ठेवा आणि काळ्या पिसांतील तपशील नंतर रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या चित्रातून) उजळून घ्या. पांढऱ्यातला तपशील एकदा गेला की तो परत मिळत नाही. ऊन-सावलीचा खेळ चालू असेल, तर आयएसओ ऑटोवर ठेवता येतो, पण मग मीटर पुन्हा कामाला लागते आणि कॉम्पेन्सेशनही पुन्हा द्यावे लागते.

हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील काळोख्या-उजळ भागांचा आलेख, जरूर पाहा, परंतु छोट्या पक्ष्याच्या छायाचित्रात तो बहुतांशी पार्श्वभूमीचीच माहिती देतो. म्हणून पडद्यावर छायाचित्र मोठे करून पिसे पाहणे अधिक खात्रीचे.

शिंजिराबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. विणीच्या हंगामातील जांभळ्या शिंजिराच्या नराची निळी-जांभळी झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेतून निर्माण होते आणि प्रकाश विशिष्ट कोनातून आला तरच ती दिसते. ऊन त्याच्या पाठीमागून येत असेल, तर दोन स्टॉप वाढवूनही पक्षी केवळ राखाडी होईल, झळाळणार नाही. अशा वेळी आकडे बदलत बसण्यापेक्षा स्वतःची जागा बदला आणि सूर्य आपल्या पाठीशी येईल असे उभे राहा. शेवगा घराच्या पूर्वेला असेल, तर सकाळऐवजी दुपारनंतरचे ऊन तुमच्या कामाचे.

प्रश्न : आमच्या गॅलरीतील कुंडीत बुलबुलाने घरटे केले आहे. कबुतरांच्या जाळीमुळे आणि पावसाळी हवेमुळे प्रकाश फार कमी येतो. फ्लॅश वापरावा का?
– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : नाही. घरट्यावर फ्लॅश वापरू नये आणि पाने बाजूला सारून प्रकाशाला वाटही करून देऊ नये, कारण त्याने पक्षी बिथरून घरटे सोडू शकतात आणि उघडे पडलेले घरटे कावळ्यांच्या नजरेस येते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणे हाही गुन्हा ठरू शकतो. सध्या घरट्यापासून दूरच राहा आणि पक्षी गॅलरीबाहेरच्या फांदीवर येईल तेव्हा छायाचित्र घ्या. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवा, म्हणजे जाळी विरून जाते. मात्र तिच्यावर ऊन पडत असेल, तर चित्रावर पांढरट धुरकटपणा येतो. बसलेल्या बुलबुलासाठी १/२५० सेकंद पुष्कळदा पुरते. आयएसओ ३२०० पर्यंत नेण्यास कचरू नका, कारण कमी आयएसओवर काळोखे टिपून नंतर उजळलेल्या चित्रापेक्षा जास्त आयएसओवर योग्य प्रकाशात घेतलेले चित्र सहसा कमी रवाळ दिसते.